चंबळची वाळू कोणाची?

चंबळ म्हटले की घळी आणि दरोडेखोर एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांना यश येऊन तेथील शेकडो दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली. परंतु ज्या नदीकडे फिरकण्यास माणूस एके काळी धजत नसे, तिची आज निराळीच लूट चालली आहे. ही लूट वाळूची आहे.

महूजवळच्या डोंगरात उगम पावून यमुनेस मिळणाऱ्या या नदीत लांब, निमुळत्या जबड्याची सुसर, मगर, गंगेतील डॉल्फिन आणि दुर्मिळ कासवे एकत्र नांदतात. काठच्या घळींत बाभूळ, खैर तग धरून आहेत. सुसर नामशेष होण्याच्या बेतात असताना १९७५ साली मगर-संवर्धनाची योजना सुरू झाली. पाठोपाठ राजस्थान, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरलेले अभयारण्यही निर्माण झाले. अंडी गोळा करून वाढविलेली पिल्ले नदीत सोडण्यात आली. आज जगातील सर्वाधिक सुसरी चंबळेतच आहेत, याचे श्रेय या प्रयत्नांना दिलेच पाहिजे.

तथापि पिल्ले सोडणे म्हणजे नदी राखणे नव्हे. सुसर मार्च-एप्रिलमध्ये काठच्या उंच वाळूत अंडी घालते. पिल्ले पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात. कासवांनाही अंड्यांसाठी वाळूच लागते. पाणचिरा पक्षी प्रवाहातील वाळूच्या बेटांवर घरटी करतो. पाणी फार ओसरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री, कोल्हे थेट अंड्यांपर्यंत पोहोचतात. वरच्या अंगास गांधीसागर, राणाप्रतापसागर यांसारख्या धरणांनी पाणी अडविले आणि खालच्या अंगास ट्रॅक्टर वाळू नेऊ लागले, तर या जिवांनी वीण कोठे करावी?

अभयारण्यात वाळूउपशास बंदी आहे, तरी उपसा थांबलेला नाही. राज्यांच्या सीमा नदीला ठाऊक नसतात. वाळूचोरांना मात्र त्या पक्क्या ठाऊक असतात. म्हणूनच तिन्ही राज्यांची एकच देखरेख हवी आणि उन्हाळ्यात नदीसाठी पुरेसे पाणी राखून ठेवण्याचे बंधन हवे. वाळू हा नुसता बांधकामाचा माल नव्हे. ती नदीची कूस आहे. ती रिती करून वर पिल्ले सोडीत राहणे, याला संवर्धन म्हणता येणार नाही.