बर्फ बघायला मे महिन्यातच का जायचं?

एप्रिल लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मनालीचं बुकिंग झालंय, बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या नेऊ?" गोळ्यांचं मी सांगतो. पण हाच माणूस बुकिंगच्या आधी आला असता तर त्याला म्हणालो असतो, फेब्रुवारीत जा.

कारण सरळ आहे. फेब्रुवारीत बर्फ खाली उतरलेला असतो, मे महिन्यात आपल्याला बर्फापर्यंत वर चढावं लागतं. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे. तिथे फेब्रुवारीत साधारणपणे हॉटेलच्या दारातच बर्फ असतो. मे महिन्यात तो बघायचा तर गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटला, म्हणजे सुमारे ३९५० मीटरवर जावं लागतं. मनालीहून रोहतांग खिंडीत गेलात तर ३९७८ मीटर. आपलं कोल्हापूर जेमतेम ५७० मीटरवर, आणि पन्हाळासुद्धा हजाराच्या आतच!

चार हजार मीटरवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कोल्हापूरच्या साधारण दोन तृतीयांश असतो. तरुण, धडधाकट माणसाला तिथे थोडी धाप लागते, एवढंच. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असलेल्या आजोबांना, दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाला, हिमोग्लोबिन आठ असलेल्या वहिनींना तेवढंही पुरतं. त्यात आपण तिथे जाऊन बर्फाचे गोळे फेकत पळतो. उंचीचा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. त्यामुळे मुक्कामी पोचल्यावर "प्रवास बाधला" किंवा "जेवण बाधलं" असं म्हणून तो सोडून दिला जातो. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट बघू नका. त्याला लगेच खाली आणा.

आता कोणी म्हणेल, फेब्रुवारीत थंडी केवढी! खरं आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं. पण थंडीला थरावर थर कपडे, टोपी, हातमोजे असा इलाज आहे. उंचीला कपडे घालता येत नाहीत. डायमॉक्सची गोळी असते, पण ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी मला सांगा.

स्कीइंग करायचं असेल तर फेब्रुवारीच बरा. मार्च संपता संपता बर्फ सकाळी काचेसारखा कडक आणि दुपारी चिखलासारखा होतो. त्या ओल्या, जड बर्फात स्की अडकते, शरीर पुढे फिरतं आणि गुडघा मागे राहतो. लिगामेंट फाटतं ते असं. नवख्याने सकाळी दोन-तीन तास शिकावं आणि पाय थकायच्या आत थांबावं. "शेवटची एक फेरी" नकोच. त्याआधी महिनाभर रंकाळ्याला रोज फेरी मारून, घरी उठाबशा काढून मांड्या तयार केल्या तर उत्तम.

हल्ली बर्फाचाही भरवसा राहिलेला नाही, हे मान्य. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून नाताळपेक्षा फेब्रुवारीचा मध्य मला जास्त पटतो. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर त्या वर्षी बर्फ राहू द्या. बाकीच्यांची शाळा पाच दिवस बुडली तर आभाळ कोसळत नाही.

मधुमेहींनी इन्सुलिन मोठ्या बॅगेत न ठेवता आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावं. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरू नये. आणि काळा गॉगल लहान मुलांनासुद्धा घ्या. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे अक्षरशः भाजतात.

फेब्रुवारीत जाणार असाल तर डिसेंबरात एकदा दवाखान्यात या. ईसीजी आणि हिमोग्लोबिन बघू, गोळ्यांची यादी तेव्हाच लिहून देतो.