पथ्याचे ताट

पथ्य हा शब्द घरात उच्चारला गेला की ताटावर जणू उदासीनतेची छाया पडते. जिभेचे सुख आता संपले, उरले ते केवळ पोट भरणे, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि ती दूर करण्याचे सामर्थ्य आपल्याच स्वयंपाकघरात आहे, असे मला अनुभवान्ती वाटू लागले आहे. तो अनुभव विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न.

मी मूळची गोमंतकातील. माहेरची भाषा कोंकणी. विवाहानंतर पांढुर्ण्यास आले, तेव्हा येथील ज्या पदार्थाने मला प्रथम आपलेसे केले तो वडाभात. तूर, हरभरा, मूग, उडीद अशा डाळी भिजवून जाडसर वाटावयाच्या, त्यांचे वडे तळावयाचे, ते गरम भातावर कुस्करावयाचे आणि वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी पळीने ओतावयाची. सोबत चिंचेचे सार. आमच्या घरी रविवार म्हणजे वडाभात, असा जणू नियमच होता.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी तेल व मीठ कमी करण्यास सांगितले. शिक्षिकेच्या शिस्तीने मी त्या आज्ञेची तत्काळ अंमलबजावणी केली. पुढच्या रविवारी आम्हा सर्वांच्या ताटांत वडाभात आणि सासूबाईंच्या ताटात उकडलेला दुधी व मऊ भात! त्यांनी दोन घास घेतले, ताट बाजूस सारले आणि शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, मले डॉक्टरनं पथ्य सांगतलं, शिक्षा नाही सांगतली."

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. तेल कमी करण्याच्या नादात मी त्यांना पंगतीतूनच उठवले होते.

उपाय शेजारच्या काकूंनी सुचवला, आणि तो याच मातीतला निघाला. तो म्हणजे गोळाभात. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड पिठात तिखट, हळद, ओवा, बेताचे मीठ व थोडे मोहन घालून गोळे वळावे, अर्धवट शिजलेल्या भातात ठेवावे आणि झाकण घालावे. भाताच्या वाफेवर ते शिजून निघतात. विदर्भातील आणि आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील घरांना हा पदार्थ नवा नाही. वडाभाताचे हे साधे भावंड आमच्या घरात मात्र मागे पडले होते. गोळाभातावरही फोडणी सढळ हाताने ओतण्याची रीत आहे; मी ती पळीऐवजी चमच्याने मोजू लागले. आश्चर्य असे की, वास तसाच दरवळला.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मसाल्यांच्या सुगंधाचे बरेचसे घटक तेलात सहज विरघळतात. म्हणून नीट तापलेल्या चमचाभर तेलातली फोडणी शेवटी घातली, तर थोडक्या तेलात सारे ताट घमघमते. तळणात मात्र पदार्थातील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते आणि त्या जागेत तेल शिरते. एक ग्रॅम तेलातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर तितक्याच पिष्टातून किंवा प्रथिनांतून सुमारे ४. वाफवणे व तळणे यांतील अंतर या हिशेबावरून ध्यानी यावे.

परंतु हलक्या अन्नाच्या नावाखाली आत्मवंचनाही पुष्कळ चालते. माझ्या माहेरी श्रावणात हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवतात; त्यांत तेलाचा थेंब नसतो, पण सारणातील नारळ काही कमी स्निग्ध नव्हे. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून पक्वान्न पथ्याचे होत नाही; ऊर्जेच्या दृष्टीने दोघांत फारसे अंतर नाही. वाफवलेले बेचव लागते म्हणून त्यावर मीठ भुरभुरणे हे तर पथ्याच्या मुळावरच येणे होय. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्याएवढ्याहूनही थोडे कमी मीठ पुरेसे मानते, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही आलेच. मिठाऐवजी लिंबू पिळावे. रुची राखण्यास ते पुष्कळ साहाय्य करते.

काही पदार्थांचा प्राण मात्र तळणातच असतो. पोळ्याची करंजी किंवा पुडाची सांभारवडी भट्टीत भाजून तिला तेच नाव द्यावे, हे मला पटत नाही. ती सणालाच करावी, मोजकी करावी आणि वाटून खावी. सणाचे तळण रोजचे झाले, उरलेले तेल पुनःपुन्हा तापवले जाऊ लागले, तेथे खरे बिघडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांतही तेल व मीठ बेताने वापरण्यावर भर आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पथ्य एकाचे आणि श्रम दुसरीचे, असे आपल्या घरांतून सर्रास घडते. निरनिराळ्या ताटांसाठी दोनदोन स्वयंपाक करून घरातील स्त्री थकते, आणि मग पथ्यही सुटते. सर्वांनी एकाच पातेल्यातले हलके अन्न खाल्ले, तर रोग्याचा मान राहतो व करणारीचे कष्टही वाचतात. गोळे वळणे हे काही अवघड शास्त्र नाही. वर्गातील मुलांनीही ते शिकावे, मुलींनीच का?

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टीत आजीजवळ बसा. तिच्या आवडीचा एक पदार्थ विचारा, तो कमी तेलात कसा साधेल याचा तिच्याशीच विचार करा, आणि तो स्वतः करून सर्वांसह जेवा.

आमच्या घरी आता बहुतेक रविवारी गोळाभात असतो. गेल्या खेपेस माझ्या मुलाने गोळे वळले होते. सासूबाईंनी ताट स्वच्छ केले आणि म्हणाल्या, "गोळे जमले, पण ओवा कमी पडला वो." ही तक्रार ऐकून मला जेवढा आनंद झाला, तेवढा कोणत्याही स्तुतीने झाला नसता.