वाघिणीचे भाडे आणि मजुराचा घाम

मजुरी वाढवाल तर कारखाने खानदेश सोडून जातील, ही धमकी भांडवलदारांचे पंडित आपणांस वर्षानुवर्षे देत आले आहेत. कापडाच्या धंद्यापुरती तीत तथ्य आहे. 1982 च्या संपकाळात मुंबईच्या गिरणीमालकांनी आपले कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतले. माग स्वस्त मजुरीमागे धावू शकतो. पण दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र कोठे पळणार?

हे केंद्र तापीवरील हतनूरच्या पाण्यावर आणि भुसावळच्या लोहमार्गावर उभे आहे. जवळपास दगडी कोळशाची खाण नाही. येथील 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर त्यास दिवसाला सुमारे 8 हजार टन कोळसा लागतो. म्हणजे रोज दोन मालगाड्या. आपल्या कोळशात 30 ते 40 टक्के राख असते. तेव्हा शेकडो मैलांच्या भाड्याचा तिसरा हिस्सा आपण राखेसाठी मोजतो, आणि ती राख मात्र खानदेशच्या माथी राहते. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्राला हा भुर्दंड नाही.

या भुर्दंडाची शिक्षा कोणाला होते? कोणत्या संचाची वीज आधी घ्यावयाची, हे त्याच्या बदलत्या खर्चावरून ठरते. या खर्चात कोळसा व त्याचे भाडे येते. ते जड झाले की संचाचा क्रमांक खाली घसरतो, मागणी कमी होताच तो बंद ठेवला जातो, आणि घाव प्रथम कंत्राटी कामगारावर पडतो.

गंमत अशी की, वेतन हा स्थिर खर्च मानला जातो. क्रमांक लावताना तो हिशेबात धरलाच जात नाही. अर्थात कामगाराची मजुरी निम्मी केली, तरी दीपनगरचा संच एका पायरीनेही वर चढणार नाही! मग केंद्र स्पर्धेत टिकावे म्हणून बारमाही कामे कंत्राटदाराच्या हवाली करण्याचे समर्थन कशाच्या आधारे होते? हे अर्थशास्त्र नव्हे, ही शुद्ध पिळवणूक आहे.

साथींनी हा हिशेब प्रत्येक द्वारसभेत मांडला पाहिजे. काटकसर करावयाची असेल, तर ती कोळशाच्या प्रतीत करा, जवळच्या खाणीचा कोळसा मिळवून भाड्यात करा. बारमाही काम करणाऱ्यास कायम नोकरी आणि समान कामास समान दाम मिळालेच पाहिजे. वाघिणीचे भाडे मजुराच्या घामातून वसूल करू देणे आम्हांस मान्य नाही.