विश्लेषण : सर्व्हर घेताना कंपन्यांच्या ‘वेगा’वर किती विश्वास ठेवावा?

सहकारी बँक असो, रुग्णालय असो की चाकणचा एखादा कारखाना. नवा सर्व्हर घ्यायचा म्हटलं की पुरवठादार आधी आलेख दाखवतो. ‘जुन्यापेक्षा इतके टक्के वेगवान!’ त्या आकड्यावर लाखो रुपये लावावेत का? फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड झालेलं एक प्रकरण यासाठी समजून घ्यायला हवं.

नेमकं काय घडलं होतं?

सर्व्हरच्या तुलनेसाठी ‘स्पेक’ या ना-नफा संस्थेच्या चाचण्या जगभर वापरल्या जातात. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत चिप आणि सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्याच सदस्य आहेत. त्यातल्या ‘स्पेक सीपीयू २०१७’ या चाचणीचे इंटेल प्रोसेसरवरचे २,६०० हून अधिक निकाल संस्थेने नियमबाह्य ठरवले.

दोष चिपचा नव्हता. प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या इंटेलच्या कंपायलरबद्दल आक्षेप होता. चाचणीतल्या एका प्रोग्रॅमचा कोड आणि डेटा आधीच माहीत असल्याचा फायदा घेऊन हा कंपायलर नेमका त्याचाच वेग वाढवतो, असं स्पेकने म्हटलं. दरवर्षी तोच पेपर येणार हे ठाऊक असलं की उत्तर पाठ करून जायचं, तसंच हे. (इंजिनीअरिंग केलेल्यांना अधिक सांगायला नको.) गुण वाढतात, तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर मात्र होतं तिथेच राहतं.

मग हे आकडे बघायचेच नाहीत का?

बघायचे, पण कोणता आकडा आहे ते विचारून. स्पेकच्या निकालात ‘बेस’ आणि ‘पीक’ असे दोन प्रकार असतात. ‘पीक’मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी कंपायलरची वेगळी जुळवाजुळव करता येते. तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कार्यालयात असं कुणी करत नाही, म्हणून ‘बेस’ पाहावा. ‘रेट’ हा आकडा एकाच वेळी अनेक कामं चालवून मिळतो. तुमचा महिनाअखेरचा अहवाल एकाच कोअरवर चालत असेल, तर तो आकडा फारसा कामाचा नाही. शिवाय ही चाचणी डिस्क आणि नेटवर्क मोजतच नाही. डेटाबेस अनेकदा अडकतो तो तिथेच.

जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्दही सोडू नका. ‘दुपटीपर्यंत वेगवान’ म्हणजे सर्वांत अनुकूल कामात, आणि तुलना बऱ्याचदा काही वर्षं जुन्या मॉडेलशी. ते तळटीपेत बारीक अक्षरात असतं.

जास्त कोअर म्हणजे जास्त फायदा?

इथे खर्च लपलेला आहे. विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरनुसार लागतो. एका सर्व्हरला किमान १६ कोअरचा. ६४ कोअरचं यंत्र घेतलं तर सगळ्या ६४ कोअरचे पैसे. एसक्यूएल सर्व्हरही कोअरनुसार घेतला, तर परवाना यंत्रापेक्षा महाग पडू शकतो.

खरेदीआधी काय करावं?

पुरवठादाराकडून डेमो यंत्र मागून घ्या. ग्राहकांची नावं आणि खाते क्रमांक झाकून आपलाच डेटा त्यावर टाका आणि सर्वांत जड काम चालवून वेळ मोजा. ती वेळ खरेदी आदेशात स्वीकृतीची अट म्हणून लिहून घ्या.