तलवार कोणाची? आधी पातं वाचा



मुरब्यात एका घराचा पाया खणताना गंजलेली तलवार निघाली. फोटो ग्रुपवर पडला आणि तासाभरात निकालही लागला. एकजण म्हणाला, चिमाजी अप्पांच्या फौजेतली. आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, भीमा कोरेगावच्या महार शूरवीराची, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे धरू. पुरावा दोघांकडेही नाही.

पहिल्याचं मी समजू शकतो. तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हापासून इथल्या प्रत्येक गंजक्या लोखंडावर पेशवाईचा हक्क सांगायची सवय आहे. पण आपल्या माणसानेही तेच करावं? १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात महार लढले ते पायदळाच्या पलटणीतून. साध्या शिपायाच्या हातात बंदूक आणि संगीन. तलवार सुभेदार-जमादाराकडे, नाहीतर घोडदळाकडे. तिथल्या स्तंभावर शेवटी 'नाक' असलेली आपल्या माणसांची नावं कोरलेली आहेत. दगडातला पुरावा हाताशी असताना ही उसनवारी कशाला? उद्या कुणी जाणकाराने तलवार भलतीच ठरवली, की कोरेगावही थाप आहे म्हणायला विरोधक मोकळे.

२०२५ मध्ये राज्य सरकारने रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपये मोजून आणली. ती ओळखली कशी? पातं फिरंगी, पण त्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याच्या पाण्याने नाव लिहिलेलं. सरदाराचं नाव सोन्यात लिहितात. शिपायाचं कोण लिहिणार? त्याच्या हत्यारावर असलाच तर पलटणीचा आकडा, नाहीतर सरकारी बाणाचा शिक्का. आपल्या आजे-पणज्यांचा माग लागायचा तर अशाच खुणांवरून लागेल. आणि आपली पोरं पॉलिशपेपर घेऊन नेमकं तेच घासायला निघालीत!

घासू नका. तेल, लिंबू, काही लावू नका. दोन्ही बाजू, मूठ, पात्याची पाठ यांचे जवळून फोटो घ्या, टेपने लांबी मोजा, किती खोल आणि कशासोबत सापडली ते लिहून ठेवा. पातं एका देशाचं आणि मूठ दुसऱ्या गावची, असं सर्रास व्हायचं, म्हणून नुसत्या मुठीवरून बोलू नका. जमिनीत सापडलेली जुनी मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, कायदा १८७८ चा आहे. लेखी कळवा, पोच घ्या. आपल्या वस्तीत तलवार सापडली की बातमी कशी होते, ते मी वेगळं सांगायला नको.

आणि मिरवणुकीचा बॅनर छापायला दिला असेल, तर आजच फोन करून थांबवा.