मऊ सीटचा भ्रम

मोटारसायकलवरून लांब जायचं म्हटलं की आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातला पहिला थेंब ठरलेला: "जेलची मऊ गादी टाकून घे!" पुण्याहून लेहला निघालेला गडी हेल्मेट घेताना शंभर-दोनशेसाठी घासाघीस करतो, पण या गादीचे पैसे डोळे मिटून मोजतो. माझं स्पष्ट मत आहे की लांबच्या प्रवासात मऊ सीट ही शुद्ध फसवणूक आहे. पटत नसेल तर सौदीत या.

इथल्या १० क्रमांकाच्या महामार्गावर हरदकडून अमिरातीच्या सीमेवरच्या अल बथाकडे जाताना सुमारे २४० किलोमीटर रस्ता सरळसोट आहे. वळण नाही, चढउतार जवळपास नाहीच. आपल्या घाटात माणूस नकळत डावीउजवीकडे कलतो, ब्रेक मारताना सरकतो, वडापाव दिसला की थांबतो. बूड सारखं हलतं आणि सीटचे दोष झाकले जातात. इथे दोन-सव्वादोन तास एकाच जागी. सीटची खरी परीक्षा ही.

आता थोडं शाळेतलं विज्ञान. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. बसल्यावर आपला बराचसा भार बुडाखालच्या दोन हाडांच्या टोकांवर येतो. फार मऊ फोम त्या टोकांखाली पार चेपतो, म्हणजे तुम्ही गादीवर नाही, खालच्या तळावर बसलेले असता! शिवाय हाडं रुतली की मधला फोम वर येऊन मांड्यांमधल्या नाजूक भागाला दाबतो. मग मुंग्या येतात. टणक, सपाट आणि मागे रुंद सीट हाच भार पसरवते.

आणि जेल? ते चेपत नाही, नुसतं बाजूला सरकतं. वर उष्णता धरून ठेवतं. जुलैत रियाधचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा उन्हात काळ्या कव्हरची जेलची सीट तासभर उभी करा, तवा तयार! नागपूरच्या मे महिन्यात काय वेगळं होणार?

मग मऊ सीट खपते का? कारण आपण ती दुकानात दोन मिनिटं बसून निवडतो. दोन मिनिटांत मऊ सीट जिंकते, तिसऱ्या तासाला हरते. म्हणून किमान दोन तास चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यापेक्षा ओळखीच्या सीटवाल्याला सांगा: खाली टणक रिबॉन्डेड फोम, वर पातळ मऊ थर, आणि सीटचा पुढचा उतार काढ. नाहीतर तुम्ही टाकीवर घसरत राहाल आणि सगळा भार मनगटांवर येईल.

काही वीर म्हणतील, "खरा रायडर तक्रार करत नाही." अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनच्या २४ तासांत १,००० मैलांच्या आव्हानाचं नावच 'सॅडलसोर' आहे. विनोद म्हणून ठीक. पण बधिर झालेला पाय ब्रेकवर उशिरा पडतो आणि ठणकणारं बूड रस्त्यावरचं लक्ष खातं. त्यात मर्दानगी कसली?

आणि हा फक्त हौशी लोकांचा प्रश्न नाही. रियाध असो वा पुणे, जेवणाचे डबे पोचवणारी पोरं दिवसभर मोटारसायकलवरच असतात. त्यांना कुठला कंपनीवाला सीट विचारून देतो? खुर्चीत बसणाऱ्यांच्या कंबरेसाठी ऑफिसं हजारो रुपये मोजतात, रस्त्यावर बसणाऱ्याची कंबर मात्र त्याची त्यानेच सांभाळायची!