प्रथिनांची मर्यादा कोठे?

स्नायू घडवण्यासाठी शरीर एका वेळी ३० ग्रॅमच प्रथिने वापरू शकते आणि उरलेली वाया जातात, हा व्यायामशाळांतून पक्का झालेला समज आता सोडून द्यायला हवा. पचन आणि शोषण यांना अशी मर्यादा नाही. प्रश्न असतो तो शोषलेल्या अमिनो आम्लांपासून, म्हणजे प्रथिनांच्या मूळ घटकांपासून, स्नायूंची नवी बांधणी किती होते याचा. नेदरलँड्समधील संशोधकांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्यायामानंतर एकदम घेतलेल्या १०० ग्रॅम दुग्धप्रथिनांनी २५ ग्रॅमपेक्षा अधिक, आणि बारा तासांहून जास्त काळ टिकणारी स्नायुबांधणी घडवली. मात्र दिवसाच्या एकूण मात्रेला सीमा दिसते: ४९ चाचण्यांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅमनंतर वजने उचलण्याच्या व्यायामातून होणारी वाढ सरासरीने पुढे सरकत नाही. म्हणजे ६० किलो वजनाच्या तरुणाला ९६ ग्रॅम पुरतात, आणि ती डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे यांतून मिळू शकतात. महागड्या भुकटीच्या डब्यासाठी घरखर्चाला कात्री लावण्याचे कारण नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.